ड्रामाटुर्ग

नाट्यसंस्थेतील अभ्यासक-सल्लागार. संहितांची निवड व संस्करण, अनुवादांची पारख, नाटकाच्या काळाचा व संदर्भांचा अभ्यास आणि तालमींच्या वेळी प्रयोगाची चिकित्सा ही त्याची प्रमुख कामे होत. दिग्दर्शक प्रयोग उभा करतो. त्यातून संहितेचा अर्थ सुसंगतपणे व्यक्त होतो की नाही, हे ड्रामाटुर्ग पाहतो. एरवी पहिल्या प्रयोगानंतर सुरू होणारी समीक्षा तो तालमीतच सुरू करतो.

या पदाचा उगम जर्मन रंगभूमीवर झाला. हँबर्गच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १७६७ मध्ये नाटककार व समीक्षक गोटहोल्ट एफ्राइम लेसिंग (१७२९–८१) याची नेमणूक केली. तेथील प्रयोगांच्या निमित्ताने त्याने लिहिलेले १०४ लेखांक हांबुर्गिश ड्रामाटुर्गी (१७६७–६९) या नावाने प्रसिद्ध आहेत. नाटक व अभिनय या दोहोंचे परीक्षण करण्याचा त्याचा संकल्प होता. परंतु नटवर्ग दुखावल्यामुळे अभिनयाची चर्चा त्याला लवकरच सोडावी लागली. पुढील विवेचन मुख्यतः तात्त्विक आहे. फ्रेंच अभिजाततावाद्यांनी ॲरिस्टॉटलच्या नियमांचे बाह्यांग सांभाळले, शोकात्मिकेचे मर्म मात्र शेक्सपिअरला अधिक साधले, असे त्याचे प्रतिपादन आहे. युरोपीय नाट्यविचाराला या ग्रंथाने नवे वळण दिले; तथापि ज्या नटसंचासाठी तो लिहिला जाऊ लागला, त्याच्या कामापासून तो दूर गेला. १७६९ मध्ये ते नाट्यगृहही बंद पडले.

लेसिंगच्या या अनुभवात ड्रामाटुर्गच्या भूमिकेतील मूलभूत पेच दिसतो. परखड राहावे, तर सहकारी दुरावतात. सांभाळून घ्यावे, तर चिकित्सेला अर्थ उरत नाही. बेर्टोल्ट ब्रेक्टने १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बर्लिनर एन्सेम्बलमध्ये या पेचातून वाट काढली. तेथे ड्रामाटुर्ग तालमींना हजर राहून नोंदी ठेवीत व प्रयोगाच्या घडणीत सहभागी होत. दोष छापून जाहीर होण्याऐवजी तालमीतच दुरुस्त होऊ लागला.

मराठी रंगभूमीवर असे स्वतंत्र पद रुजले नाही. संगीत नाटकांच्या काळात गो. ब. देवल (१८५५–१९१६) यांच्यासारख्या तालीममास्तरांनी संहितेचा अर्थ नटांच्या मनावर ठसविला. पुढे ही जबाबदारी बहुधा दिग्दर्शकाकडे आली. मात्र स्वतःच उभारलेल्या प्रयोगाकडे तटस्थपणे पाहणे दिग्दर्शकाला अवघड असते. ती तटस्थ दृष्टी तालमीत आणणे हेच ड्रामाटुर्गचे खरे कार्य होय.