नाद लाकडाचा की हाताचा?

आमच्या कोथरूडच्या इमारतीतील एका तरुणाने यंदा हाताने घडविलेली गिटार मागविली आणि ती ऐकावयास मला मुद्दाम बोलाविले. वाजविण्यापूर्वी त्याने एक माहितीपत्रक माझ्या हाती दिले. पाठीला शिसव, तबलीला स्प्रूस, पट्टीला आबनूस अशी लाकडांची वंशावळच तीत होती आणि प्रत्येकाच्या नादाला एकेक गोड विशेषण. किमतीचा चढउतारही लाकडावरूनच ठरलेला. घडविणाऱ्याविषयी मात्र अवघी एक ओळ. वाद्य उत्तम होते, हे प्रथमच सांगतो. माझे भांडण त्या पत्रकाच्या भाषेशी आहे. कारण तीच भाषा आम्ही समीक्षकही वापरीत आलो आहोत.

गिटारीचा नाद मुख्यतः वरच्या तबलीतून उमटतो. सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७५ किलोचा ताण देतात. तो अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीने सोसावयाचा आणि तरीही मोकळेपणी थरथरावयाचे! फळी जाड ठेवली तर नाद कोंडतो. फार पातळ केली तर ती घोडीपाशी फुगून येते. म्हणून तिला आतून पट्ट्या चिकटवितात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मार्टिन यांच्या कारखान्यात या पट्ट्या फुलीच्या आकारात बसविल्या जाऊ लागल्या आणि पुढे पोलादी तारांची गिटार त्याच रचनेवर उभी राहिली. स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस याने तर १८६२ साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. तबली तेवढी लाकडाची ठेवली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे.

कोणी म्हणेल, ही एका कारागिराची लहर झाली. पण इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी, बाकी सारे शक्य तितके सारखे, पाठीचे आणि बाजूंचे लाकूड तेवढे निराळे. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून वाजविल्या. दुर्मिळ ब्राझिली शिसवीला आणि साध्या लाकडांना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले.

याचा अर्थ लाकडाला मोल नाही असा नव्हे. तबलीचे लाकूड हलके आणि तरीही ताठ असावेच लागते. ते नीट वाळलेले हवे. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने आकसते. दमट हवेत जोडलेली तबली कोथरूडच्या कोरड्या एप्रिलात तडकू शकते. परंतु फळी निवडणे, ती वाळू देणे, बोटांनी वाकवून तिचा ताठपणा अजमावणे आणि रंधा कोठे थांबवावयाचा हे ठरविणे, ही कामे लाकूड करीत नाही.

येथे मला माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. कोथरूडातील एका घरगुती बैठकीचे परीक्षण मी लिहिले होते. त्या दिवशी तंबोऱ्यांची जोडी अशी काही बोलत होती की, ‘जुन्या तुनीच्या लाकडात मुरलेला नाद’ असे मी बेधडक लिहून गेलो. पुढे कळले की, यजमानांनी आदल्याच दिवशी मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून घेतली होती. घोडीचा माथा कानसीने घाशीत असा किंचित उतरता करावयाचा की, तार त्याला चाटून जावी. एखादा हात अधिक फिरला की तार मुकी झालीच. त्या कारागिराची गाठ पडली तेव्हा तो एवढेच म्हणाला, “लाकूड परवाही तेच होतं, साहेब.”

मिरजेत ही विद्या दीड शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांचे हात तेथे सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण मानांकनात गाव येते, माणूस येत नाही. गायकाचे घराणे आम्ही पिढ्या मोजून सांगतो. साथीदारांची नावे परीक्षणाच्या शेवटी का होईना, येतात. ज्याच्या कानसीवर त्या मैफलीचा षड्ज उभा असतो, त्याला आमच्या लेखनात आजवर जागाच नाही. मग दुकानदाराने लाकडाची किंमत लावली, तर त्याला दोष कसा द्यावा?

त्या तरुणाला मी गिटार घडविणाऱ्याचे नाव विचारले. त्याने नादछिद्रातून आत डोकावून चिठ्ठीवरचे नाव वाचून दाखविले. मिरजेच्या त्या कारागिराचे नाव मात्र मी तेव्हा विचारलेच नाही. यजमान आता हयात नाहीत, आणि ते सांगणारे दुसरे कोणी मला ठाऊक नाही.