फेरफार आणि छेडछाड : वॉरंटी कार्डाच्या मराठीचे एक वाचन

ज्याच्या नावावर दोन एकर शेत आहे त्याला ‘फेरफार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकत घेतली, वारसाने आली, भावाभावांत वाटणी झाली की तलाठ्याकडे नोंद पडते, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नाव चढते. फेरफार म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. तो व्हावा म्हणून माणसे तहसीलला खेटे घालतात.

हाच शब्द मोबाइल, टीव्ही, इन्व्हर्टर किंवा पंपाच्या स्टार्टरसोबत येणाऱ्या घडीच्या कागदावर गुन्ह्याच्या यादीत बसलेला दिसतो. असे कागद लोक खोक्यासकट टाकून देतात. मी ते पिशवीभर जमवले आहेत आणि साहित्याचा मजकूर वाचावा तसे वाचले आहेत. कंपन्या निरनिराळ्या, पण शैली एकच. उपकरण अनधिकृत व्यक्तीने उघडल्यास, त्यात फेरफार वा छेडछाड आढळल्यास, सील तुटलेले असल्यास हमी रद्द. या वाक्यांना कर्ता नाही. ‘आढळल्यास’ म्हणजे कोणाला आढळल्यास? अर्थात कंपनीच्याच माणसाला. अनधिकृत कोण, हे ठरवणारीही तीच. एका वाक्यात फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश असे तिघे दडलेले आहेत, आणि व्याकरणाने त्या तिघांचेही नाव गाळले आहे.

त्याहून बोलका शब्द ‘छेडछाड’. छेड काढतात ती दुसऱ्याची. स्वतःच्या गोठ्याला खिडकी पाडणाऱ्याने गोठ्याशी छेडछाड केली, असे कोणी म्हणत नाही. वखराची पास घासून लहान केली, बैलगाडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाके लावली, तर शेजारी फार तर हसेल. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबाबत छेडछाड हा शब्द वापरला की ती वस्तू अजून आपली झालेली नाही, हे न बोलता सांगून होते. भाषांतरकाराने इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधला एवढेच, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. हा प्रतिशब्द मूळ कराराचा हेतू नको इतक्या प्रामाणिकपणे सांगतो.

पूर्वी हे उलटे होते. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यामुळे नुसता रेडिओ बाळगायलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन फी भरायची, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. हा परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला. पण परवाना सरकारचा असला तरी खोक्याच्या आतले सारे घेणाऱ्याचे असे. कित्येक व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या आत सर्किटचा नकाशाच चिकटवलेला सापडे. तालुक्याच्या गावचा मेकॅनिक तो पाहून काम करी, वाटल्यास मोठा स्पीकर लावून देई. आज परवाना नाही आणि नकाशाही नाही. बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे पाहिले तर आश्चर्य वाटते, कारण कायद्याची भाषा वॉरंटी कार्डापेक्षा बरीच सभ्य आहे. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात एक अट आहे : ते कुलूप हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलेले असले पाहिजे. सिनेमाच्या चोरट्या प्रती काढणे वेगळे आणि स्वतःच्या यंत्राचे कुलूप स्वतःच्या कामासाठी उघडणे वेगळे, हा फरक या एका अटीत आला आहे. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच मुळात दोष. त्यामुळे तिथे ठरावीक काळाने सवलती मागाव्या लागतात. आयफोनसारख्या फोनचे कुलूप काढायची सवलत २०१० साली मिळाली, ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरची २०१५ साली. आपल्या कायद्याचे ५२वे कलमही पाहावे. कायदेशीररीत्या हाती असलेल्या संगणक प्रणालीचे काम कसे चालते याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला त्यात मुभा आहे. ती दुसऱ्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढायलाही मुभा आहे. ही मुभा मराठीत कोणी छापून दुकानात लावलेली मी पाहिलेली नाही.

वॉरंटीबाबतही एक स्पष्ट निकाल आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची साधने आणि माहिती मिळू न देणे हा ठपका. पुढे अपिले झाली. दंडाच्या आकड्यापेक्षा मला त्यातला एक आदेश महत्त्वाचा वाटतो. ग्राहक बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणजे आरसा बदलला म्हणून इंजिनाची हमी जात नाही. निकाल मोटारींपुरता आहे, पण तर्क मोबाइललाही तंतोतंत लागू पडतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. उपकरण किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक सुचवणारा दुसऱ्या समितीचा अहवाल मे २०२५मध्ये आला. काम चांगलेच आहे. माझा आक्षेप शब्दाला आहे. दुरुस्ती म्हणजे वस्तू कंपनीने केली होती तशी पुन्हा करणे. फेरफार म्हणजे ती मला हवी तशी करणे. पहिल्यात मी रुग्णाचा नातेवाईक आहे, दुसऱ्यात मालक. सगळी चर्चा पहिल्यावर थांबते.

फेरफाराला सीमा नको असे कोणीच म्हणणार नाही. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक बदलणे हा फेरफार नव्हे. चोरलेल्या फोनचा माग पुसायचा हा उद्योग आहे आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठेवले आहे ते योग्यच. पण या एका खऱ्या धोक्याची सावली सगळ्या खटपटीवर पाडली जाते.

आमच्या भागात हा प्रश्न आता शेतात उभा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा असल्यास पाच टक्के हिस्सा भरतो. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो, पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. त्या पंपाचे पॅनल सुमारे तीन किलोवॉटचे. सोयाबीन-हरभरा घेणाऱ्याचा पंप वर्षातले कित्येक महिने बंदच असतो आणि तेवढे दिवस हे तीन किलोवॉट ऊन खात बसतात. त्यावर चक्की चालावी, कडबाकुट्टी चालावी, हे कोणाच्याही मनात येते. येते म्हणून तर केंद्राने पीएम-कुसुम योजनेत युनिव्हर्सल कंट्रोलरची तरतूद केली. एकाच कंट्रोलरवर पंप, चक्की, कुट्टी, ड्रायर आलटून पालटून चालवायचे. म्हणजे कल्पना सरकारला मान्य आहे. साध्या कंट्रोलरचा मात्र डबा सीलबंद. तो उघडून जोड काढली की छेडछाड, आणि पाच वर्षांची हमी धोक्यात.

इथे एक खरा पेच आहे आणि तो टाळून चालणार नाही. नव्वद टक्के पैसे सरकारचे असताना मालक कोण? पॅनल विकू नयेत, दुसऱ्या शेतात हलवू नयेत, ही अट मला रास्त वाटते. अनुदान ज्या कामासाठी दिले ते काम झाले पाहिजे. शिवाय पॅनलच्या मालिकेत शेकडो व्होल्टचा डीसी प्रवाह असतो, तो खेळ नव्हे. पण पंप जागेवर आहे, पाणी येते आहे आणि जाणत्या वायरमनने रिकाम्या दिवसांत चक्की जोडली, तर पंपाच्या मोटारीची हमी कोणत्या कारणाने जावी? स्पर्धा आयोगाचा ‘तेवढ्यापुरतीच’ हा शब्द इथे आणून ठेवावासा वाटतो.

दाद कुठे मागायची, हेही पाहिले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही नवी कल्पना आणली : ग्राहकाला तोट्यात टाकणारी गैरवाजवी अट ज्यात आहे असा करार. वॉरंटी कार्डातली बिनकर्त्याची वाक्ये तपासायला याहून चांगले हत्यार नाही. पण पंप बिघडला, बदलून देत नाहीत, अशी तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा आयोगात चालते. ही अटच अनुचित आहे, अशी तक्रार जिल्हा आयोगाच्या अधिकारात कायद्याने घातलेलीच नाही. ती राज्य आयोगापासून सुरू होते. लोणार किंवा संग्रामपूरच्या शेतकऱ्याने वस्तूबद्दल भांडायचे तर जिल्ह्याच्या गावी, आणि वाक्याबद्दल भांडायचे तर जिल्हा ओलांडून.