जपानी वाचनाची मधली पायरी : ‘इरिआई’ शब्दाच्या निमित्ताने

जपानी भाषेचा प्रारंभीचा टप्पा मराठी विद्यार्थ्याला फारसा जड जात नाही. क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, विभक्तीचा अर्थ नामापुढील अव्ययाने व्यक्त होतो, आणि काना लिपीचा अक्षरक्रमही संस्कृत वर्णमालेच्या संस्काराने घडलेला आहे. खरी कसोटी लागते ती मधल्या पायरीवर, कांजी चिन्हांच्या वाचनात. या पायरीचे अध्यापन म्हणजे चिन्हसंख्येत भर घालणे, अशी समजूत रूढ आहे. २०१० च्या सूचीप्रमाणे नित्योपयोगी कांजी २,१३६ आहेत. त्यांपैकी किती पाठ झाली, यावरून प्रगती मोजली जाते.

हे मोजमाप किती अपुरे आहे, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता स्पष्ट होते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा हक्कांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यास जपानी नागरी संहितेचे २६३ वे कलम वाचावे लागेल. तेथील कळीचा शब्द दोनच चिन्हांचा आहे : एकाचा अर्थ ‘शिरणे’, दुसऱ्याचा ‘एकत्र येणे’. दोन्ही चिन्हे प्राथमिक पुस्तकांतलीच. परंतु ही जोडी ‘न्यूकाइ’ अशी वाचल्यास अर्थ होतो एखाद्या मंडळाचे सभासद होणे. ‘इरिआई’ अशी वाचल्यास गवत, सरपण इत्यादींसाठी सामाईक रानावर असलेला गावकऱ्यांचा परंपरागत अधिकार. पुढे ‘हक्क’ या अर्थाचे चिन्ह आले तर दुसरे वाचन, ‘पैसा’ या अर्थाचे आले तर पहिले. म्हणजे उणीव चिन्हांची नसून संदर्भाची आहे. आधी सामान्य पाया, मग विषय, हा आक्षेप येथे टिकत नाही. पाया असूनही वाचन अडतेच.

‘यामा’ या शब्दाचेही तसेच. कोशात त्याचा अर्थ ‘डोंगर’. पण खेड्यातला माणूस सरपणाला ज्या रानात जातो, तेही ‘यामा’च. त्या रानाचे ‘तोंड उघडणे’ म्हणजे गावाने ठरविलेल्या दिवसापासून तेथील वस्तू गोळा करण्यास मोकळीक देणे. मोहफुलांचा व तेंदूपानांचा हंगाम पाहिलेल्या वाचकाला हा प्रयोग चटकन उमगेल. तथापि साम्य फसवेही असते. जपानी संहिता ‘इरिआई’बाबत प्रथम त्या त्या प्रदेशाची रूढी प्रमाण मानते, भारतीय कायदा दाव्याची पडताळणी करून लेखी अधिकारपत्र देतो. म्हणून ‘इरिआई’चा अनुवाद सरसकट ‘सामूहिक वनहक्क’ असा करणे सदोष होय.

लेखनाची उपेक्षा तर याहून अधिक. जपानी भाषाप्रावीण्य परीक्षेच्या पाच स्तरांपैकी मधल्या, तिसऱ्या स्तरावर निबंधलेखन नाही. इतर स्तरांवरही नाही. तेव्हा तिचे प्रमाणपत्र लेखनक्षमतेचा पुरावा ठरत नाही. विषयातील एखादा उतारा वाचून त्याचा सारांश संभाषणातील ‘देस्-मास्’ या आदरार्थी रूपांऐवजी प्रबंधोचित ‘देआरु’ शैलीत लिहिणे, हा अभ्यास याच पायरीवर सुरू व्हावयास हवा. अन्यथा विद्यार्थ्याच्या हाती चिन्हे राहतील, आणि ज्यासाठी भाषा शिकली तो ग्रंथ मात्र मिटलेलाच राहील.