पिपची लाज आणि रुपेरी पडदा

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या १८६०-६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर ज्यांनी ज्यांनी चित्रपट उभारले, त्यांपैकी बहुतेकांची दृष्टी लग्नाच्या दिवशीच वराने टाकलेल्या मिस हॅविशॅमच्या थांबलेल्या घड्याळांवर आणि जीर्ण वधूवेषावरच खिळून राहिली. वस्तुतः या कादंबरीचे मर्म, जो गार्जरी हा गावचा लोहार लंडनच्या बिऱ्हाडी, आता ‘सभ्य गृहस्थ’ बनलेल्या कथानायक पिपला भेटावयास येतो, आपली हॅट कोठे ठेवावी हे न उमजून कासावीस होतो आणि ज्याला त्याने मायेने वाढविले त्याच मुलाला ‘सर’ म्हणू लागतो, त्या अवघडलेल्या भेटीत आहे. पिपला त्या वेळी वाटलेली जोची लाज, आणि पुढे त्या लाजेचीच वाटत राहिलेली लाज, हा या कथेचा खरा विषय होय.

डेव्हिड लीन याच्या १९४६ च्या चित्रपटाला हे मर्म सापडले होते. छायालेखन आणि कलादिग्दर्शन यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले, आणि ज्याच्या पैशावर पिप पुढे सभ्य गृहस्थ बनतो तो फरारी कैदी मॅग्विच स्मशानात अकस्मात पुढे येतो तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो बर्नार्ड माइल्सने साकारलेला जो, आणि त्याच्या आगमनावर प्रौढ पिपच्या निवेदनातून उमटणारी स्वतःच्या क्षुद्रतेची कबुली. कादंबरी प्रथमपुरुषी आहे. तरुण पिप चुकतो आणि प्रौढ पिप त्याचा न्याय करतो, हे दुहेरी नाते निवेदनावाचून पडद्यावर आणणे दुष्कर आहे.

त्याच चित्रपटात पिप जिच्यावर प्रेम करतो ती एस्टेला खरी मॅग्विचची मुलगी आहे हे कळताच तिचा नियोजित वर ड्रमल लग्न मोडतो, असा मूळ कथेत नसलेला बदल आहे. खानदानीची सारी मातब्बरी एका माहितीने कोसळते, हे दाखविणारा हा फेरफार मला अतिशय मार्मिक वाटतो. दुर्दैवाने लगेच पिप मिस हॅविशॅमच्या घरातील पडदे फाडतो, प्रकाश आत येतो, आणि वर्गभेदाचा प्रश्न प्रेमाच्या विजयात विरून जातो. कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून डिकन्सनेही शेवट सौम्य केला होता हे खरे. तथापि इतकी निःशंक आशा त्यानेही दिली नव्हती.

अल्फोन्सो कुआरोन याने १९९८ मध्ये कथा फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कला नेली व नायकाला चित्रकार केले. टीकाकारांनी तिला केवळ देखणी ठरविले, हे मला मान्य नाही. ज्या चित्रांच्या विक्रीवर नायकाची प्रतिष्ठा उभी राहते, ती एका फरारी कैद्याच्या पैशाने विकत घेतली गेली होती, हे उघड होते तेव्हा डिकन्सचा मूळ प्रश्न नव्या बाजारात तितक्याच धारेने उभा राहतो. ‘फितूर’ या हिंदी चित्रपटाने २०१६ मध्ये काश्मीर निवडले, तब्बूचा अभिनय वगळता त्यात विरहच अधिक, दर्जाची जाणीव क्षीण.

दूरचित्रवाणी-मालिकांना सवड मिळाली. २०११ ची तीन भागांची, २०२३ ची सहा भागांची. तरीही न्यू साउथ वेल्समध्ये मेंढपाळीच्या कष्टाने मॅग्विचने मिळविलेली मिळकत अखेर सरकारजमा होते, आणि पिपचे कर्ज मात्र भट्टीपुढे राबणारा जो मुकाट्याने फेडून, पिपला जाग येण्यापूर्वीच गावी निघून जातो, हा हिशेब सविस्तर मांडण्याला जी सवड हवी होती, ती मिस हॅविशॅमच्या घरातील काळोख अधिक गडद करण्यातच खर्ची पडली.