मागे आणि वर : मोबाइल अ‍ॅपमधील पडद्यांच्या गमनागमनाचा विचार

मोबाइल अ‍ॅपमध्ये एका वेळी बहुधा एकच पडदा दिसतो. बाकीचे सारे दृष्टीआड असतात. मेजावर पसरलेल्या कागदांतून हवा तो कागद नजरेनेच सापडतो. तळहाताएवढ्या काचेवर ती सोय नाही. त्यामुळे वापरणारा कोठे आहे, कोठून आला आणि त्याने परत कसे जावयाचे, या तिन्ही गोष्टी एक तर त्याने स्मरणात जपावयाच्या, नाही तर अ‍ॅपने त्याच्यासाठी जपावयाच्या असतात. अ‍ॅपच्या गुणदोषांची चर्चा रंग, अक्षर व मांडणी यांभोवतीच फिरते. पडद्यापडद्यांमधील गमनागमन ही केवळ तांत्रिक बाब मानली जाते. वस्तुतः ही कसोटी प्रथम लावावयास हवी. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेतील ‘मागे’ या एकाच क्रियेचा विचार केला आहे.

‘मागे’ हा शब्द मराठीत द्व्यर्थी आहे. ‘मागे एकदा’ या प्रयोगात तो कालवाचक असतो, तर ‘घराच्या मागे’ या प्रयोगात स्थलवाचक. अ‍ॅपमध्येही ‘मागे’ जाण्याचे दोन अर्थ संभवतात : यापूर्वी पाहिलेल्या पडद्याकडे जाणे, आणि प्रस्तुत पडदा ज्याच्या पोटात येतो त्या पडद्याकडे जाणे. पहिली रचना चवडीची होय. शेवटी ठेवलेला कागद प्रथम उचलला जातो. दुसरी उतरंडीची होय. तेथे कोणते भांडे कोणावर असावे हे आधीच ठरलेले असते. गाड्यांच्या यादीतून एक गाडी उघडली आणि तिच्या पडद्यावरूनच दुसऱ्या गाडीचा पडदा उघडला, असे समजू. आता चवडीप्रमाणे ‘मागे’ म्हणजे पहिली गाडी. उतरंडीप्रमाणे मात्र यादी. चवड वापरणाऱ्याच्या कृतीतून घडते, उतरंड रचनाकाराच्या योजनेतून. या दोहोंतील विसंवाद हाच येथील खरा प्रश्न होय.

दोन प्रमुख प्रणालींनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली. २००७ साली आलेल्या आयफोनवर समोरच्या बाजूस एकच कळ होती, आणि ती अ‍ॅपमधून बाहेर पडण्याची होती. अ‍ॅपच्या आतील परतीची खूण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असे व तीवर बहुधा आधीच्या पडद्याचे नाव लिहिलेले असे. २००८ साली आलेल्या पहिल्या अ‍ॅण्ड्रॉइड फोनवर मात्र ‘मागे’ जाण्याची स्वतंत्र कळ होती, आणि ती एका अ‍ॅपमधून पूर्वीच्या अ‍ॅपमध्येही नेऊ शके. पहिल्या पद्धतीत आश्वासन स्पष्ट, पण क्षेत्र मर्यादित. दुसरीत क्षेत्र विस्तृत, पण आश्वासन मुके. कळ दाबल्यावर कोठे पोहोचणार, हे ती दाबल्यावाचून कळत नसे.

अ‍ॅण्ड्रॉइडच्या कर्त्यांना ही संदिग्धता जाणवली होती. २०११ नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी ‘मागे’ आणि ‘वर’ असा भेद केला : ‘मागे’ कालक्रमाने, ‘वर’ श्रेणीक्रमाने. विचार म्हणून हा भेद निर्दोष आहे. त्याचा आविष्कार मात्र फसला. ‘वर’ची खूण डावीकडे रोखलेल्या बाणाची ठेवण्यात आली. वर जावयाचे आणि बाण डावीकडे! वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘मागे’ असाच घेतला, यात त्याचा दोष नाही. अर्थभेद असूनही चिन्हभेद नसेल, तर तो भेद रचनाकाराच्या टिपणातच राहतो.

याहून विचारार्ह प्रकार सूचनेचा. एखादी सूचना दाबताच अ‍ॅपमधला खोलवरचा पडदा एकदम उघडतो. तेथून ‘मागे’ कोठे जावयाचे? वापरणारा तर कोठूनच चालत आलेला नाही. अशा वेळी अ‍ॅण्ड्रॉइडवरील अ‍ॅप, न पाहिलेले मधले पडदे चवडीत आधीच घालून, एक कल्पित भूतकाळ रचू शकते. ही युक्ती सोयीची आहे, कारण त्यामुळे अ‍ॅपच्या मुख्य पडद्यापर्यंतची वाट मिळते. तथापि ‘मागे’ या शब्दाचा प्रामाणिकपणा येथे सुटतो. २०१५ साली आयफोनने घेतलेला मार्ग अधिक सरळ म्हणावा लागेल : पूर्वीच्या अ‍ॅपचे नाव पडद्याच्या माथ्यावर देऊन तेथे परतण्याची वाट मोकळी ठेवावयाची. येथे कोणताही भूतकाळ रचलेला नाही. घडला तेवढाच दाखविला आहे.

यावर असा आक्षेप येईल की, हा सारा सूक्ष्म भेद अभ्यासकांपुरता आहे. सामान्य माणूस चारदोन वेळा चुकतो आणि शिकतो. हा आक्षेप टिकत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये लांबलचक अर्ज भरणारा मनुष्य संकेतांक पाहण्यासाठी संदेशांच्या अ‍ॅपमध्ये जातो. स्मृती अपुरी पडली, तर प्रणाली मागे राहिलेले अ‍ॅप बंद करू शकते. आणि अर्जाची अवस्था जपण्याची तजवीज कर्त्याने केली नसेल, तर परतल्यावर समोर कोरा अर्ज येतो. पडदा तोच, परंतु काम नाहीसे झालेले. स्वस्त फोनवर, जेथे स्मृती थोडी असते, तेथे हे अधिक संभवते. म्हणजे ज्याच्यापाशी साधने कमी, त्याच्याच वाट्याला ही शिक्षा येते. नव्याने फोन हाती घेतलेला वृद्ध मनुष्य अशा प्रसंगी दोष अ‍ॅपला देत नाही, स्वतःला देतो. आणि पुढच्या वेळी तो फोन दुसऱ्याच्या हाती देतो.

अलीकडच्या वाटचालीत लाभ आणि हानी दोन्ही दिसतात. २०१७ साली आयफोन टेनमधून मुख्य कळ गेली. २०१९ च्या अ‍ॅण्ड्रॉइड १० मध्ये ‘मागे’साठी कडेवरून बोट सरकविण्याची रीत आली. जागा वाचली, पण दिसणारी खूण गेली. शिवाय कडेतून उघडणाऱ्या जुन्या यादीशी या हालचालीची टक्कर होऊ लागली. उलट, २०२२ पासून अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये क्रमाक्रमाने आलेली, बोट सरकवीत असतानाच पुढे येणाऱ्या पडद्याची झलक दाखविण्याची पद्धत खरोखर मोलाची आहे. पहिल्या अ‍ॅण्ड्रॉइड फोनची मुकी कळ येथे बोलती झाली. झलक पाहून बेत बदलण्याची मुभाही मिळाली.

सारांश, चवड श्रेष्ठ की उतरंड, हा वाद दुय्यम आहे. दोहोंचे प्रयोजन आहे. मात्र त्यांची नावे व चिन्हे निराळी असावयास हवीत. परतीचे ठिकाण आधी कळावे, न घडलेला प्रवास घडला असे भासवू नये, आणि सोडलेले काम सोडले तसेच हाती यावे, या तीन अटी पाळणारे अ‍ॅपच ‘मागे’ हा शब्द सार्थ करते. पुढे नेण्याची हौस प्रत्येक अ‍ॅपला असते. त्याची योग्यता परतीच्या वाटेवर ठरते.