'गोअन क्रेझी' : एका श्लेषाचे ध्वनिमुद्रण

रेमो फर्नांडिस यांचा 'गोअन क्रेझी' हा इंग्रजी गीतसंग्रह १९८४ साली कॅसेटरूपाने निघाला. भारतीय रॉक संगीताची हकीकत सांगताना त्याचा उल्लेख बहुधा एक विक्षिप्त उद्योग म्हणून होतो. सर्व वाद्ये एकट्याने वाजविली, सर्व आवाज एकट्यानेच गाइले, वेष्टनही स्वतः रेखाटले आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानांत नेऊन पोचविल्या. हकीकत खरी आहे; परंतु तिच्या रंगतीत संग्रहाच्या भाषेचा विचार मागे पडतो. ही भाषा आणि ही निर्मितिपद्धती यांचा संबंध केवळ आनुषंगिक नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

फर्नांडिस यांचा जन्म १९५३ मध्ये झाला. गाव बार्देशातील शिवोली. मुंबईस सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण आणि नंतर युरोप व उत्तर आफ्रिकेतील भ्रमंती करून ते शिवोलीस परतले. मुंबईच्या कंपन्यांना त्यांच्या स्वरचित गाण्यांत व्यापार दिसला नाही, तेव्हा त्यांनी घरीच 'टीॲक' बनावटीच्या पोर्टास्टुडिओवर मुद्रण केले. हे यंत्र साध्या कॅसेटीवर चार स्वतंत्र ट्रॅक उमटविते. अधिक आवाज हवे असल्यास तीन ट्रॅक एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवावयाचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरावयाचे. मात्र एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत आणि प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. अशा रीतीने एकट्याने रचलेल्या वाद्यमेळात वादकावादकांतील चढाओढ संभवत नाही, आणि समूहस्वरांतही एकाच कंठाचा पोत राहतो. ही उणीव मानलीच पाहिजे. परंतु 'हे गोव्याबाहेर कोणाला कळणार?' असे विचारणारा मनुष्यही या पद्धतीत कोठे येत नाही.

आता शीर्षकाकडे वळू. 'गोइंग क्रेझी' म्हणजे वेड लागत चालले आहे. बोलभाषेत, आणि रॉकच्या गायनात तर सर्रास, 'गोइंग'मधील अंत्य कंठ्य अनुनासिकाच्या जागी दंतमूलीय 'न्' येतो व शब्द 'गोइन्' असा होतो. गोमंतकीय या अर्थाचा इंग्रजी शब्द 'गोअन्'. दोहोंत उरला तो केवळ एका आघातहीन स्वराचा भेद, आणि तो गाताना सहज पुसला जातो. म्हणजे हा शब्द डोळ्यांना जात सांगतो, कानांना वेड. मम्मटाच्या कसोटीने हा शब्दश्लेष होय : पर्यायशब्द घालताच तो मोडतो. 'गोमंतकीय', 'गोवेकर' किंवा 'गोंयकार' यांपैकी कोणताही शब्द येथे चालणार नाही. गोमंतकीय अस्मितेचे हे विधान इंग्रजीतच, किंबहुना इंग्रजीच्या अप्रतिष्ठित उच्चारातच, करता येते.

गोव्याच्या भाषाविषयक चर्चेत या गोष्टीला महत्त्व आहे. त्या वर्षांत कोकणी-मराठी वाद ऐन भरात होता. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान देणारा कायदा झाला, मराठीच्या शासकीय वापराची तरतूद राहिली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य बनले. अशा काळी निघालेला हा इंग्रजी संग्रह कोणत्याही पक्षाच्या जमाखर्चात बसत नाही. प्रादेशिकता मातृभाषेच्या शब्दसंग्रहात शोधणाऱ्याला तो परका वाटणार. पण प्रादेशिकता संबोधनातही असते; कोणास उद्देशून बोलले आहे, यावरून ती ओळखता येते. फर्नांडिस यांची 'ओड टू ग्रॅहम बेल' ही रचना पाहावी. नाव भारदस्त स्तोत्राचे, विषय न चालणाऱ्या टेलिफोनचा. उदात्त आकृतिबंध क्षुद्र विषयावर लादण्याची ही युक्ती मराठी वाचकाला 'झेंडूची फुले'पासून परिचित आहे. तीतील हशा मात्र तोच टेलिफोन कानाला लावून बसलेल्या श्रोत्याचा आहे.

कॅसेटीने हे अन्यत्रही घडविले. कमी भांडवलात मुद्रण व प्रती होऊ लागल्यामुळे भारतातील ध्वनिमुद्रणावरील एका बड्या कंपनीची मक्तेदारी ढासळली आणि प्रादेशिक बोलींतील गाणी बाजारात आली, हे पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. बारामतीजवळच्या पिंपळीसारख्या गावी जत्रेत वाजणारी लोकगीतांची कॅसेट आणि म्हापशाच्या दुकानातील 'गोअन क्रेझी' यांत संगीताचे साम्य शून्य. पण दोहोंमागील आर्थिक कारण एकच. रॉकचा विचार करणारे लोकगीतांच्या कॅसेटीकडे पाहत नाहीत, आणि लोकसाहित्याचे अभ्यासक रॉककडे. हा परस्पर दुरावा अभ्यासाला बाधक आहे.

गोव्यातील स्वागतानंतर क्षेत्र विस्तारले. मादक द्रव्यांविरुद्धचा 'पॅक दॅट स्मॅक' १९८६ मध्ये व 'बॉम्बे सिटी' १९८७ मध्ये निघाला. त्याच वर्षी 'जलवा' चित्रपटाच्या शीर्षकगीताने त्यांचा आवाज देशभर पोचला. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ध्वनिमुद्रणाचा दर्जा व कीर्ती दोन्ही वाढली. संबोधन मात्र सार्वत्रिक झाले, आणि त्याबरोबर उच्चारावर उभी असलेली ती नेमकी खोच दुर्मिळ झाली. 'बॉम्बे सिटी' हे शब्द शिवोलीच्या माणसाने उच्चारले काय किंवा दिल्लीच्या माणसाने, त्यांचा अर्थ तोच राहतो.