आत किती जण होते?

१९ मे १९४४. बर्लिनवर हल्ला करणारी अमेरिकी बी-१७ विमाने वर-खाली थरांत उडत होती. त्यातले एक सरकून दुसऱ्याच्या खाली आले आणि वरून सुटलेल्या बॉम्बने त्याच्या शेपटीचा डावा आडवा पंख तोडला. वरच्या विमानातला स्वयंचलित कॅमेरा टिपत राहिला. ती छायाचित्रे महायुद्धावरील पुस्तकांत आजही छापली जातात.

त्यांतले विज्ञान चोख आहे. सुटलेल्या बॉम्बला विमानाचाच पुढचा वेग असतो. हवेचा रोध सोडला तर तो मागे न पडता विमानाच्या खालीच राहतो. शेपटीचा आडवा पंख विमानाचे नाक सांभाळतो. तो मोडला की वैमानिकाच्या हाती फारसे काही उरत नाही. एका व्याख्यानात मी हेच समजावत होतो. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, आत किती जण होते?" मला ठाऊक नव्हते. विमानाच्या पंखांची लांबी मात्र पाठ होती!

अकरा होते. एकही वाचला नाही.

तेव्हापासून अशा चित्रांखालच्या ओळी मला खटकतात. विमानाचा प्रकार असतो, तारीख असते, माणसे क्वचितच. कॅमेरा बसवला होता बॉम्ब कुठे पडतात ते नोंदायला. त्याला नजर वळवता येत नाही. आणि चित्रात विमान अजून हवेत आहे, म्हणजे आपण पाहतो ती माणसे बहुधा त्या क्षणी जिवंत आहेत.

चित्र वर्गात दाखवूच नये, असे मी म्हणत नाही. मी आता सगळी मालिका न दाखवता एकच चित्र दाखवतो. आधी अकरा हा आकडा सांगतो, मग बॉम्बचा वेग.